निळ्या काचेवरचा उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

लाकडावर कोरून चित्रं छापणाऱ्या एका निर्वासित कलावंताबद्दल आज बोलायचं आहे. हेल्मुट वायसेनबोर्न. जन्म 1898 चा, जर्मनीतल्या लायपझिगचा. ते तिथल्या कला अकादमीत शिकवायचे. पत्नी ज्यू, म्हणून नाझी राजवटीत नोकरी गेली आणि 1938 मध्ये देशही सुटला. दोघांनी इंग्लंड गाठलं.

बटाट्याचा ठसा तुम्ही लहानपणी केलाच असेल, तेव्हा लाकडाच्या ठशाचं तंत्र फार समजावत नाही. कोरलं ते पांढरं राहतं, राखलं ते काळं उमटतं. पुन्हा सांगतो, कारण पुढे हेच लागणार आहे: कोरलं ते पांढरं, राखलं ते काळं.

अशी चित्रं युरोपात जत्रांमधूनही घरोघरी गेली. थोर चित्रकार ड्यूरर यांची पत्नी आग्नेस नवऱ्याची छापचित्रं घेऊन फ्रँकफर्टच्या जत्रेत विकायला जायची. छापचित्र म्हणजे खरं चित्र नव्हे, असं आपल्याकडे अजून कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. दहा घरांत लागलेलं चित्र एका घरातल्यापेक्षा कमी कसं?

तर 1940. युद्ध पेटलं होतं. ब्रिटिश सरकारने जर्मनांना सरसकट पकडायला सुरुवात केली. हिटलरपासून पळून आलेलेही त्यात सापडले. वायसेनबोर्न यांची रवानगी झाली आइल ऑफ मॅन बेटावर, डग्लस गावातल्या हचिन्सन छावणीत. समुद्रकाठची पर्यटकांची घरं, भोवती काटेरी तार. कुर्ट श्विटर्स यांच्यासारखे नामवंत चित्रकारही तिथेच बंदिवान होते.

विमानहल्ल्यांच्या भीतीने खिडक्यांच्या काचा निळ्या रंगाने लिंपलेल्या. दिवसासुद्धा घरात निळसर अंधार. माणसं खचत चालली होती. वायसेनबोर्न यांनी दाढीचं पातं घेतलं आणि काचेवरचा रंग खरवडायला सुरुवात केली. पुराणकथांतले प्राणी, एकशिंगी घोडे! रंग जाईल तिथून ऊन आत यायचं. लक्षात आलं ना? कोरलं ते पांढरं. ठसा कोरणाऱ्या हाताला अंधारातून उजेड काढायची सवयच असते. त्यांचं पाहून इतरांनीही पाती उचलली आणि घराघरांतल्या खिडक्या चित्रांनी भरल्या.

पण काचेवरचं चित्र कागदावर छापता येत नाही. मग जमिनीवरचं लिनोलियम, म्हणजे फरशीवर अंथरायचं मऊसर आच्छादन, उचकटून त्यावर कोरायचं. शाई? पेन्सिलींची शिसं कुटायची आणि जेवणात लोण्याऐवजी मिळणाऱ्या मार्गारीनमध्ये कालवायची. छापखाना? धुतलेले कपडे पिळायचं रुळांचं यंत्र! ओलसर कागद आणि ठसा एकत्र त्या रुळांमधून सरकवले की चित्र तयार. चित्रकलेचं सामान महाग म्हणून मुलांना वर्गात फक्त खडू देणाऱ्या शाळांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

सुटकेनंतर त्यांनी लंडनजवळच्या रेव्हन्सबोर्न कला महाविद्यालयात 1970 पर्यंत शिकवलं आणि पत्नी लेस्ली मॅकडोनाल्ड यांच्यासोबत ‘एकॉर्न प्रेस’ हा छोटा छापखाना चालवला. त्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. 1982 मध्ये ते वारले. त्यांची ध्वनिमुद्रित मुलाखत लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने जपून ठेवली आहे. छावणीतले ते दिवस त्यांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. जमलं तर जरूर ऐका.

नमस्कार.