शंकेचा डबा

(दृश्य : चर्चच्या मागची खोली. भिंतीवर संडे स्कूलचे तक्ते. बुटक्या बाकांवर मोठी माणसं अवघडून बसलेली.)

बाकं लहान मुलांची आहेत, बसलेली माणसं चाळिशीपुढची. सोलापुरातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, मोठ्यांसाठीचा हा बुधवारचा बायबल-वर्ग. हा माहितीपट त्याच्याबद्दलच. त्याला अजून स्वतःची खोली मिळालेली नाही. संडे स्कूलची खोली संध्याकाळी रिकामी असते, म्हणून तिथे.

मंडळीत शिकण्याचा क्रम ठरलेला असतो. पाळण्यातल्या लेकराचा बाप्तिस्मा होतो. मग संडे स्कूल, पाठ केलेली वचनं, नाताळची नाटकं. पंधरा-सोळा वर्षांचं झालं की दृढीकरणाचा, म्हणजे बाळपणीचा बाप्तिस्मा स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना. दृढीकरण झालं, प्रभूभोजनातली भाकर आणि द्राक्षारस घेता येऊ लागला, की अभ्यास संपला. लग्न, नोकरी, कर्ज, आजारपण, घरातलं पहिलं मरण हे सगळं त्यानंतर येतं. तेव्हा विचारायचं खूप असतं, पण वर्ग सुटून वीस वर्षं झालेली असतात. मग उरतो पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, रविवारचा उपदेश. त्यात मध्येच हात वर करून ‘पाळकसाहेब, हे पटलं नाही’ म्हणायची सोय नाही.

(दृश्य : सात रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी. बंद गिरणीची चिमणी.)

सोलापूर गिरण्यांचं गाव. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं कामासाठी या गावात आली. मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातही ठाणं केलं. शाळा निघाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनने याच शहरात बालवाडीच्या शिक्षिका घडवायला घेतल्या. मुलांसाठी जे झालं ते मन लावून झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण मोठ्यांना शिकवणाऱ्याही होत्या. त्यांना म्हणायचे ‘बायबल बाई’. या मराठी बायका गल्लोगल्ली, घरोघर जायच्या, दळणा-निवडण्यात गुंतलेल्या बायकांपाशी टेकायच्या, शास्त्र वाचून दाखवायच्या, अक्षरंही गिरवून घ्यायच्या. ऐकणारी मध्येच उलट विचारायची आणि बायबल बाईला उत्तर द्यावं लागायचं. चर्चच्या इतिहासात मिशनरींची नावं सनावळीसकट सापडतात. या बायकांची फार थोडी सापडतात, आणि हे मला खटकतं.

दुसरी शाळा गाण्यांची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंगाच्या नि ओवीच्या चालीत लिहिलेली गीतं मराठी मंडळ्यांनी तोंडपाठ केली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी धर्मशास्त्राचा मोठा भाग गाऊन शिकून घेतला. वर्गातल्या सगळ्यात वयस्कर मावशींना आजही वाचायला जमत नाही. पण एखाद्या गीताची पहिली ओळ म्हणा, त्या सहाही कडवी म्हणून दाखवतील, आणि कुठल्या कडव्यात कुठला दाखला आलाय तेही सांगतील. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्याच लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर.

आणि तिसरं नाव पंडिता रमाबाईंचं. सोलापूर-पुणे गाडी दौंड सोडून पुढे निघाली की केडगाव लागतं. तिथे बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्यासुध्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा त्यांचा हट्ट. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

(दृश्य : टेबलावर उघडी बायबलं. मराठी, तेलुगू, कन्नड. शेजारी दोन मोबाइल.)

वर्ग चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. पाळकसाहेब हजर असतात, पण मागच्या बाकावर. त्यांनी शेवटची पंधरा मिनिटं सोडून बोलायचं नाही, असा नियम आहे. तो त्यांनी स्वतःच घालून घेतलाय आणि पाळताना त्यांची होणारी चुळबुळ कॅमेऱ्यात छान आली आहे.

पद्धत साधी. उतारा मोठ्याने दोनदा वाचायचा, दुसऱ्या वेळी दुसऱ्या माणसाने. मग थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. मग प्रत्येकाने सांगायचं, कुठला शब्द अडकला. त्यानंतर डबा येतो.

(दृश्य : बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकणाला चीर पाडलेली.)

हा शंकेचा डबा. चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, नाव घालायचं नाही, चिरेतून आत टाकायचा. बाई एक-एक चिठ्ठी काढून वाचतात. अक्षर बहुतेकांना ओळखू येतं, इतकी वर्षं एकाच मंडळीत काढल्यावर येणारच, पण कुणी तसं दाखवत नाही. ‘स्वर्गात माणसं एकमेकांना ओळखतात का?’ ‘सासूला क्षमा केली, पण मनातून जात नाही, तर ती क्षमा झाली का?’ ‘दशांश पगारातून काढायचा, की कर्जाचा हप्ता भरून उरेल त्यातून?’ हा तिसरा, उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचा प्रश्न आला त्या बुधवारी दुसरं काही झालंच नाही.

मोठ्यांना शिकवण्याचं हे काम कॅथलिक चर्चने विचारपूर्वक कागदावर आणलंय. धर्मशिक्षणासाठी १९७१ साली रोमहून जी मार्गदर्शिका निघाली, तिने प्रौढांचं शिक्षण हेच धर्मशिक्षणाचं मुख्य रूप मानलं. पुढच्याच वर्षी प्रौढांच्या दीक्षेचा विधी आला. त्यात चौकशी, शिकवण, तयारी असे टप्पे आणि शेवटी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा. आपल्या मंडळीची परंपरा वेगळी. १९७० साली नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात बाळाला बाप्तिस्मा देणारे होते, तसे जाणत्या वयातच देणारेही होते. दोन्ही रीती ठेवल्या गेल्या. म्हणजे बाळपणी पाणी लागलेलं असो की मोठेपणी, कधीतरी माणसाने स्वतःच्या तोंडाने ‘मी मानतो’ म्हणायचंच आहे. ते एकदा म्हणून भागतं का, याबद्दल या खोलीत दोन मतं आहेत.

(दृश्य : लेंटचा काळ. पंख्याखाली वही हलते आहे.)

लेंट म्हणजे उपवास-पश्चात्तापाचे, रविवार सोडून चाळीस दिवस, ईस्टरपर्यंत. सोलापुरात तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत पारा चाळिशीला टेकतो. या काळात बहुतेक ठिकाणी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. या वर्गाने यंदा घेतलं बायबलच्या जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक. बेचाळीस अध्याय, आणि त्यातले बरेचसे वादावादीचे.

गोष्ट माहीत असते सगळ्यांना. भला माणूस, त्याची गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर गळवं उठली, तरी त्याने देवाला सोडलं नाही. लहानपणी संडे स्कूलमध्ये इतकीच सांगितली जाते: सोसलं, म्हणून दुप्पट मिळालं. पण ती झाली पहिल्या दोन अध्यायांची आणि शेवटच्या अर्ध्या अध्यायाची गोष्ट. मधल्या अध्यायांत ईयोब जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो.

तिसरा अध्याय वाचून झाला आणि गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेले एक काका म्हणाले, ‘हा माणूस असं बोलायलाय, आणि हे पवित्र शास्त्रात?’ त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा ते घरी रागाने काय-काय बोलले होते, आणि ते पाप म्हणून आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, हे त्यांनी तिथे सांगितलं. कॅमेरा चालू होता. नंतर त्यांना विचारलं, हे ठेवायचं का? ‘ठेवा की,’ म्हणाले. ‘ईयोबाचं छापलंय, माझं काय.’

खरा वाद झाला तो ईयोबाच्या मित्रांवरून. अलीफज, बिल्दद, सोफर. तिघं भेटायला येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. बाईंचं म्हणणं, तिथवर ते चांगले होते. मग तोंड उघडतात आणि सुरू होतं: तुझंच काही चुकलं असेल, देव उगीच शिक्षा देत नाही. वर्गातल्या एका तरुण विधवेने हे ऐकून सरळ सांगितलं, नवरा गेल्यावर भेटायला आलेली निम्मी मंडळी बिल्ददचीच होती. कुणी हसलं नाही, कारण आलेल्यांपैकी काही जण समोरच बसले होते.

त्यातल्या एकीने पुढच्या बुधवारी डब्यात चिठ्ठी टाकली: ‘मग भेटायला जाऊन बोलायचं तरी काय?’ पाळकसाहेबांनी आपल्या पंधरा मिनिटांत पुस्तकाचा शेवट वाचला. देव वावटळीतून बोलतो, ईयोबाच्या एकाही प्रश्नाला थेट उत्तर देत नाही. पण बेचाळिसाव्या अध्यायात मित्रांना सुनावतो, की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेणारे चुकले, देवाशी भांडणारा बरोबर ठरला. साहेबांनी एवढं सांगून पुस्तक मिटलं. उत्तर हवं असलेली मंडळी जराशी नाराज होऊन घरी गेली.

सगळं गोडगोड चाललंय असं नाही. पुरुष कमी येतात. यंत्रमागाची पाळी आड येते हे कारण खरं आहे, पण सगळ्यांचं नाही. बायकांसमोर ‘मला हे माहीत नाही’ म्हणणं काहींना जड जातं. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं व्हिडिओ कॉलवर येतात, आवाज बंद करून ऐकतात आणि मध्येच गायब होतात. घरी विड्या वळणाऱ्या एक ताई पुडा घेऊनच बसतात, कारण आठवड्याची मजुरी विड्यांच्या संख्येवर असते. त्यांचे हात चालू असतात आणि सगळ्यात नेमका प्रश्न बहुतेक वेळा त्यांचाच निघतो. आणि शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं. पाळी बुधवारी संध्याकाळी आली तर अलीफज असो की सोफर, वर्ग अर्धा रिकामा.

वर्ग पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावं, म्हणजे गर्दी वाढेल, अशी सूचना मंडळीच्या बैठकीत आली होती. बाईंनी विचारलं, प्रमाणपत्रावर लिहिणार काय? विषय तिथेच थांबला.

ईस्टरनंतर पुढचं पुस्तक ठरवायला मतं घेतली. मराठी मिशनच्या मंडळ्यांना हात वर करून ठरवायची सवय जुनी. मावशींना रूथचं पुस्तक हवं होतं, त्यात गाता येण्यासारखं आहे म्हणे. बहुमत पडलं ‘उपदेशक’ या पुस्तकाला. ‘सगळं व्यर्थ म्हणणारं पुस्तक काय वाचायचं उन्हाळ्यात?’ असं कुरकुरत मावशींनी बारा अध्यायांचे बारा बुधवार बोटांवर मोजले आणि नातवाला म्हणाल्या, पहिला अध्याय आजच वाचून दाखव, आधी ऐकून ठेवलेला बरा, मग बाईंशी भांडता येतं.