बनवलेली योनी खाली सरकली तर ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

हाय, आजचा विषय असा आहे की डॉक्टरसमोर बोलायलाही जीभ अडखळते. ऑपरेशन करून योनी तयार केली, सगळं छान चाललं होतं आणि मग काही महिन्यांनी, कधी कधी तर कित्येक वर्षांनी, खाली गोळा आल्यासारखा वाटतो, जास्त वेळ उभं राहिलं की वाढतो, आडवं झालं की कमी होतो. बायका ज्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात ना, तेच हे, डॉक्टरी भाषेत प्रोलॅप्स.

होतं का असं? तर जन्मतः असलेल्या योनीला वरून ओढून धरणारे लिगामेंट्स असतात आणि बनवलेल्या योनीला ते आयते मिळत नाहीत, मग ती एमआरकेएचमुळे, म्हणजे जन्मतः योनी आणि गर्भाशय नीट तयारच न झाल्यामुळे, बनवलेली असो (साधारण 5,000 मुलींमागे एकीला हे असतं) किंवा ट्रान्स बाईची असो. आजूबाजूला चिकटून बसली तेवढाच काय तो आधार.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, बाहेर काय आलंय? योनी बनवायला मोठ्या आतड्याचा तुकडा वापरला असेल तर कधी नुसतं आतलं अस्तर सैल होऊन बाहेर डोकावतं, लाल, ओलं, बघून घाबरायलाच होतं, पण तिथे बरेचदा जादा अस्तर कापून टाके घातले की भागतं. योनीची अख्खी नळीच सरकली असेल तर मात्र तिला कुठेतरी बांधावी लागते. एक रस्ता पोटातून, दुर्बिणीने, नळीचं वरचं टोक कृत्रिम जाळीने (मेश) कमरेखालच्या सेक्रम हाडाशी बांधतात. आतड्याची योनी असेल तर तिच्या रक्तवाहिन्या सोबतच आलेल्या असतात, त्यांना धक्का लागला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून सर्जनला जुने ऑपरेशन नोट्स लागतातच, ते शोधून ठेवा. दुसरा रस्ता खालून, सॅक्रोस्पायनस लिगामेंटला (कटीच्या आतला एक मजबूत बंध) टाके, तिथे शेजारीच प्युडेंडल नर्व्ह (गुप्तांगाकडे जाणारी नस) असते आणि नंतर काही दिवस कुल्ल्यात दुखू शकतं.

जाळीबद्दल घाबरवणारं बरंच वाचलं असेल. अमेरिकेत एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एप्रिल 2019 मध्ये विक्री थांबवली ती प्रोलॅप्ससाठी योनीमार्गे बसवायच्या जाळीची, पोटातून बसवतात ती वेगळी, पण तीही कधीकधी आत घासून बाहेर येऊ शकते, हे आधीच विचारून घ्या.

डायलेटर (योनी आकसू नये म्हणून आत घालायची कांडी) परत कधी सुरू करायचा तेही सर्जनलाच विचारा, मनाने नको. आणि बाहेर आलेला भाग काळानिळा पडला किंवा जोरात दुखायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.