आधी पडद्याची पाठ बघा

श्रोते हो, नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीने मुलांच्या अभ्यासासाठी सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. मशीन चांगलं होतं, भावही वाजवी. टेबलावर मांडलं, घरात पडून असलेला मॉनिटर समोर ठेवला आणि तिचा फोन आला, "दादा, हे एकमेकांत बसतच नाहीये रे." मशीनला मागे दोन डिस्प्लेपोर्ट. मॉनिटरला व्हीजीए आणि डीव्हीआय. हातात केबल होती ती एचडीएमआयची, टीव्हीच्या खोक्यातली. तिन्ही वस्तू धडधाकट, पण सुट्टीचा अख्खा दिवस पडदा काळाच राहिला.

कमी पैशांत घरी कॉम्प्युटर आणायचा असेल, तर माझं पहिलं सांगणं हेच: आधी घरातल्या पडद्याची पाठ बघा, मग घ्यायच्या मशीनची. मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढून ठेवा. प्रोसेसर, रॅम, डिस्क या गोष्टी त्यानंतर.

रेडिओवर मला चित्र दाखवता येत नाही, पण हे पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची तोंडं, बोटांनाही ओळखू येतात. दोन बाजूंना स्क्रू आणि मध्ये भोकांच्या तीन रांगा, प्रत्येकीत पाच, म्हणजे व्हीजीए. हे 1987 सालचं आहे आणि अजून जुन्या मॉनिटरांवर भेटतं. त्याच्या केबलमध्ये पुष्कळदा एक पिन मुळातच नसते; तेवढ्यासाठी केबल टाकून देऊ नका. पिन वाकली असेल तर बारीक चिमट्याने हळूच सरळ करा, जोर लावला की तुटते. स्क्रू आहेत पण तोंड रुंद आहे आणि एका टोकाला आडवी चपटी पट्टी बसेल अशी खाच आहे, तो डीव्हीआय. चपटं तोंड, खालचे दोन्ही कोपरे तिरके, तो एचडीएमआय. दोनऐवजी एकच कोपरा कापलेला असेल तर डिस्प्लेपोर्ट. त्याच्या केबलला बहुधा वर एक खटका असतो. तो दाबल्याशिवाय केबल ओढली, तर पोर्टच उचकटू शकतो. आणि उलटसुलट कसंही बसणारं लंबगोल तोंड म्हणजे यूएसबी-सी.

या यूएसबी-सीबद्दल सावध राहा. तोंड सारखं असलं तरी प्रत्येक यूएसबी-सीतून चित्र येतं असं नाही. काहींतून फक्त चार्जिंग होतं, काहींतून चार्जिंग आणि फाइली. लॅपटॉपच्या माहितीत "डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड" किंवा थंडरबोल्ट लिहिलेलं असेल, तरच त्यावर पडदा जोडता येईल असं धरा. केबललाही हाच नियम. मोबाइलबरोबर आलेली चार्जिंगची केबल बहुतेक वेळा चित्र नेत नाही.

आता अडॅप्टर. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण अडॅप्टरला दिशा असते. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीला एचडीएमआय असेल, तर साधी स्वस्त केबल बहुतेक मशीनांवर चालते, कारण बहुतेक डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयची भाषाही बोलू शकतात. तीच केबल उलटी लावलीत, म्हणजे कॉम्प्युटर एचडीएमआयचा आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टचा, तर काहीही दिसणार नाही. त्यासाठी वेगळा, महागडा कनव्हर्टर लागतो. दुकानात विचारताना "ह्याला ते जोडायचंय" एवढ्यावर थांबू नका. "कॉम्प्युटरला हे आहे, पडद्याला ते आहे" असंच सांगा.

व्हीजीएचं प्रकरण निराळं. तो ॲनालॉग, म्हणजे सलग कमीजास्त होणारा सिग्नल आहे; बाकीचे नवे सगळे डिजिटल, म्हणजे आकड्यांत चित्र पाठवणारे. त्यामुळे एचडीएमआयवरून व्हीजीएवर जायला सिग्नल बदलणारी छोटी चिप लागते. नुसत्या तारांची केबल मिळाली तर घेऊ नका, ती चालणार नाही. व्हीजीएतून आवाजही जात नाही. मॉनिटरला व्हीजीए आणि डीव्हीआय दोन्ही असतील तर डीव्हीआय घ्या, अक्षरं जास्त रेखीव दिसतात. एचडीएमआय ते डीव्हीआय मात्र साध्या केबलने जमतं.

केबलवर फार पैसे घालू नका, हे मी मनापासून सांगतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय केबलने चित्र जास्त सुंदर होत नाही. डिजिटल सिग्नल पोचला तर पूर्ण पोचतो, नाहीतर ठिपके चमकतात, पडदा मधूनच काळा होतो. दोन मीटरच्या आत साधी "हाय स्पीड" केबल फुल एचडीला, म्हणजे 1920 गुणिले 1080 ला, व्यवस्थित पुरते. 4K, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा टीव्ही असेल तर "प्रीमियम हाय स्पीड" बघा. मात्र तिथे खरी अडचण केबलची नसून मशीनची असते. काही वर्षं जुन्या ऑफिस डेस्कटॉपांतला एचडीएमआय पुष्कळदा 1.4 असतो आणि तो 4K चित्र सेकंदाला फक्त 30 वेळा बदलतो. माउस हलवला की बाण चिखलातून चालल्यासारखा मागे राहतो. अशा वेळी फुल एचडीवर ठेवा, किंवा मशीनचा डिस्प्लेपोर्ट वापरा. टीव्हीला जोडायचं असेल तर त्यावर एचडीएमआय 2.0 चा ॲक्टिव्ह, म्हणजे सिग्नल बदलणारी चिप असलेला कनव्हर्टर लावा.

केबलवर वाचलेले पैसे एसएसडीत, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये घाला. जुनं मशीन रडतं ते बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. ती काढून एसएसडी बसवली आणि रॅम 8 जीबी केली, की घरचा अभ्यास, व्हिडिओ, बिलं भरणं यांना दुसरं काही लागत नाही. ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेले डेस्कटॉप मला म्हणूनच सगळ्यात आवडतात. ते मजबूत असतात, सहज उघडतात आणि सुटे भागही मिळतात. एक गोष्ट मात्र तपासा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याहून जुनं मशीन फारच स्वस्त मिळत असेल तर घ्या, पण त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकायची तयारी ठेवून.

याहून लहान काही हवं असेल तर रास्पबेरी पाय हा एका छोट्या पाटीवरचा कॉम्प्युटर आहे. 2020 साली आलेल्या पाय 400 मध्ये कॉम्प्युटर कीबोर्डच्याच आत आहे. 1982 चा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटरही असाच होता, टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात लावायचा. फक्त पाय 400, तसेच पाय 4 आणि 5 यांना मायक्रो एचडीएमआय लागतो. पाय झीरोला मिनी. दिसायला दोन्ही बारीक, पण एकाची केबल दुसऱ्यात जात नाही.

टीव्हीच पडदा म्हणून वापरलात आणि कडा कापल्या गेल्या, खालची पट्टी दिसेना, तर केबल बदलू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये "स्क्रीन फिट" किंवा "जस्ट स्कॅन" शोधा. त्या इनपुटचं नाव बदलून पीसी केलं, की पुष्कळ टीव्हींवर फिसकटलेली अक्षरंही नीट होतात.

बहिणीसाठी शेवटी डिस्प्लेपोर्ट ते डीव्हीआय केबल आणली. लावली, तरी पडद्यावर "नो सिग्नल". मॉनिटर अजून व्हीजीएकडेच डोळे लावून बसला होता. कडेचं सोर्सचं बटण दोनदा दाबलं आणि चित्र उजळलं. आवाज अर्थातच नव्हता, त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. जुने स्पीकर मशीनच्या मागच्या हिरव्या भोकात लावले, आणि भाच्याने लगेच खुर्ची ओढली.

नमस्कार.