तिसऱ्या ताज्या आहेत, पण कुठल्या?

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावात मासळी येते ती गोव्याहून नाहीतर कारवारकडून, घाट चढून. तिसऱ्या, शिनाणे, कालवं अशी शिंपल्यातली मासळी घेताना आपण एकच चौकशी करतो, ताजं आहे ना? टिचकी मारल्यावर शिंपी घट्ट मिटली की माल पिशवीत. पारख खरी आहे, सोडू नका. पण आत कॅडमियम, शिसं असले विषारी धातू किती, ते टिचकीला कळत नाही. धातू साठलेली तिसरीही टवटवीत असते.

तिची खाण्याची रीतच अशी की जे पाण्यात, ते तिच्या पोटात. वाळूत बसल्या जागी एका नळीने पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवर गाळून बारीक शेवाळ गिळायचं आणि दुसऱ्या नळीने पाणी सोडायचं. खडकाला चिकटलेलं मोठं शिनाणं तर तासाला लिटरहून जास्त पाणी गाळतं. त्यात पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे कण असतात, टेरिकॉटचे तंतू, टायरची झीज, पिशव्यांचे तुकडे. बरेच कण बाहेर पडतात, काही आत रेंगाळतात. प्रयोगशाळेत असे कण दिलेल्या शिनाण्यांचे खडक धरून ठेवणारे धागे कमी झाले. लाटांच्या मारात धागा सुटला की संपलंच.

धातूंचं प्रकरण जास्त चिवट. कॅडमियम प्राण्याच्या शरीरातल्या प्रथिनांना बिलगतं आणि महिनोन्‌महिने हलत नाही. समुद्रात मुरलेल्या जुन्या प्लास्टिकवर बुळबुळीत थर चढतो, त्यालाही धातू चिकटतात. जपानच्या मिनामाता गावात 1956 साली उघडकीला आलेला आजार कारखान्याने खाडीत सोडलेल्या पाऱ्याचा होता. तो माणसांपर्यंत पोचला तिथले मासे आणि शिंपले खाऊनच. प्लास्टिकचा गवगवा मोठा आहे, पण आपल्या ताटापुरतं विचाराल तर मला आज धातूंची काळजी जास्त वाटते.

बांगड्याचं पोट आपण काढून टाकतो. तिसऱ्यांची एकशिपी, म्हणजे एका शिंपीसकट कालवण, करताना मात्र आतडं, पचनग्रंथी, सगळं शिंपीतच राहतं, आणि साठा तिथेच जास्त. मिठाच्या पाण्यात ठेवल्या तर वाळू पडते, थोडं प्लास्टिकही पडतं. कॅडमियम तेवढ्याने निघत नाही, शिजवूनही नाही.

आता आपला हिशेब. म्हादई उगम पावते आपल्याच खानापूर तालुक्यात आणि पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्रात मिळते. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. चोर्ल्याच्या वाटेवर गाडीतून भिरकावलेली गुटख्याची पुडी कुठल्या समुद्रात जायची, ते फक्त उतारावर ठरतं. पुडी कुजत नाही, तिचा चुरा होतो.

तेव्हा बाजारात मावशींना ताजेपणाबरोबर ठिकाणही विचारा. होड्यांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबं मिसळलेला रंग देतात. त्यामुळे जेटी, होड्या दुरुस्तीची जागा आणि शहराच्या सांडपाण्याचं तोंड इथल्या शिंपल्यांपासून लांब राहिलेलं बरं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी एकाच ठिकाणचा माल पुन्हा पुन्हा आणू नका. मावशी म्हणाल्या, ‘जेटीकडच्याच हायत’, तर त्या दिवशी बांगडा घ्या.