बोटीवरचा फ्रिज: बॅटरीच्या आधी वायर बघा

नमस्कार मंडळी. ससून डॉकवरून सुटणाऱ्या ट्रॉलरवाल्यांना आजच्या विषयाशी काही घेणंदेणं नाही, ते बर्फाचा चुरा भरतात आणि निघतात. पण ज्यांच्याकडे छोटी शिडाची बोट आहे, दोन-तीन दिवस नांगर टाकून राहायचंय आणि दूध, पापलेट, गार पाणी सगळंच हवंय, त्यांनी ऐका.

घरचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवायचा नाद सोडा. चालतो हो, पण कॉम्प्रेसर उचलताना एवढा करंट खेचतो की इन्व्हर्टर मोठा लागतो आणि फ्रिज थांबलेला असतानाही तो बॅटरी खात बसतो. 12 व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसर घ्या, डॅनफॉसचा बीडी35 असतो तसा, हल्ली तो सेकॉप नावाने मिळतो.

आता हिशोब. चालू असताना साधारण 4 अँपिअर धरा, मे महिन्याच्या उकाड्यात निम्मा वेळ तरी चालणार, म्हणजे 24 तासांत 48 अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास, बॅटरीची साठवण ह्यातच मोजतात). 100 ची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे एका दिवसात खेळ खल्लास! 100 वॅटचं सोलर पॅनल कडक उन्हात दिवसाला 30 च्या आसपास परत देतं, त्यावर डोलकाठीची सावली पडली की तेही गेलं.

मग लोक धावतात मोठी बॅटरी आणायला. मला विचाराल तर आधी वायर बघा. ह्या कॉम्प्रेसरचा कंट्रोलर, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक डबा, व्होल्टेज 10.4 वर आलं की बंद होतो आणि 11.7 झाल्याशिवाय परत सुरू होत नाही, आणि हे तो मोजतो स्वतःच्या टर्मिनलवर, बॅटरीवर नाही. वायर बारीक, लांब, त्यात खाऱ्या हवेने हिरवे पडलेले जोड, मग बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असली तरी फ्रिज उचलतच नाही आणि शिव्या खातो बॅटरीवाला. बॅटरीपासून कंट्रोलर 4 मीटर लांब तर वायर 4 स्क्वेअर एमएमची, 6 मीटर तर 6 ची, आणि मध्ये दुसरं काही न जोडता फ्यूज लावून थेट बॅटरीला.

कॉम्प्रेसर बंद कपाटात कोंबू नका, त्याला वारा लागतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज फुकट देतोच आहे, तेव्हा थर्मोस्टॅट जास्त गारव्यावर लावून दोन-चार पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, रात्री कॉम्प्रेसरला तेवढी उसंत मिळते. आणि पाहुण्यांनी आणलेली कोमट बिअर? ती घरूनच गार करून आणायला सांगा.