फवारणी ड्रोनचा परवाना: पाच दिवसांत काय मिळतं आणि काय राहून जातं

नमस्कार मंडळी! एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "शेत माझं, ड्रोन माझा, मग परवाना कशाला?"

तरीही लागतो. ड्रोन नियम २०२१ मध्ये परवान्यातून सूट दोनच प्रकारांना आहे. एक नॅनो, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतचा. दुसरा मायक्रो, म्हणजे २ किलोपर्यंतचा, आणि तोही धंद्यासाठी वापरत नसाल तर. फवारणीच्या ड्रोनची नुसती बॅटरीच हातात घेऊन बघा, २ किलोचा विषय तिथेच संपतो. त्यामुळे स्वतःच्या दोन एकरांवर उडवा नाहीतर भाड्याने गावभर फिरवा, चालवणाऱ्याकडे सर्टिफिकेट हवंच. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स जाऊन त्याचं नाव रिमोट पायलट सर्टिफिकेट झालं. आपण बोलताना परवानाच म्हणू. नियम मोडला तर दंड १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कोणाला मिळतो? वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास. पूर्वी पासपोर्ट मागायचे आणि गावाकडची निम्मी पोरं तिथेच अडायची. सप्टेंबर २०२३ मध्ये ती अट गेली. आता मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. बरीच केंद्रं डॉक्टरचा फिटनेस दाखलाही मागतात, तो आधीच काढून ठेवा.

आता जरा नीट ऐका, कारण पैसे बुडतात ते इथे. हे सर्टिफिकेट फक्त डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या प्रशिक्षण केंद्रातूनच मिळतं. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असं केंद्र आहे, खासगीही बरीच आहेत. पण "दोन दिवसांत ड्रोन पायलट व्हा" असे फ्लेक्स लावणारेही कमी नाहीत. शेवटी हातात मिळतो सोनेरी किनारीचा एक कागद. भिंतीवर लावायला झकास, बाकी उपयोग शून्य. खऱ्या सर्टिफिकेटची सरकारी फी फक्त १०० रुपये आहे, खर्च होतो तो प्रशिक्षणाचा. म्हणून फी भरण्याआधी डीजीसीएच्या यादीत केंद्राचं नाव शोधा. सापडलं नाही तर दुसरं केंद्र बघा.

यादीत नाव सापडलं, तरी एक प्रश्न विचारायचाच: "सर्टिफिकेट कोणत्या वर्गाचं?" ड्रोनचे वर्ग वजनावरून ठरतात, आणि वजन धरायचं ते औषधपाण्यासकट. २ ते २५ किलो म्हणजे स्मॉल, २५ ते १५० किलो म्हणजे मीडियम. १० लिटर टाकीचे बहुतेक ड्रोन भरल्यावर २५ च्या जरा आत राहतात. हा योगायोग नाही, कंपन्यांनी ते त्या हिशोबानेच बनवलेत. आता तुम्ही स्मॉलचं सर्टिफिकेट काढलं, धंदा वाढला, आणि १६ लिटरचा मोठा ड्रोन घेतला. तो भरला की २५ च्या वर गेला, आणि तुमचं सर्टिफिकेट त्याला लागू नाही. विकणारा हे बहुधा सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

प्रशिक्षण साधारण पाच दिवसांचं असतं. आधी वर्ग: नियम, हवामान, बॅटरी. मग कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, मग मैदान. मैदानात भलेभले एका ठिकाणी चुकतात. ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. तुम्ही दांडी उजवीकडे दाबता, ड्रोन तुमच्या डावीकडे पळतो. त्यात जीपीएस बंद करून उडवायला लावतात, तेव्हा तो वाऱ्याबरोबर सरकत जातो आणि कपाळाला घाम येतो. हा भाग मनापासून करा, टाळू नका. तुमच्या शेतात बांधावर झाडं असतात आणि वर महावितरणच्या तारा, मैदानात त्यातलं काही नसतं.

(कॅमेरा ड्रोनच्या अंगावरच्या पाटीजवळ)

हा नंबर दिसतोय? हा यूआयएन, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. सर्टिफिकेट झालं माणसाचं, ड्रोनचे कागद वेगळे. त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे सरकारी मान्यता, हवं, हा नंबर हवा आणि थर्ड पार्टी विमा हवा. तयार परदेशी ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, अपवाद संशोधन आणि संरक्षणासारख्या कामांचा. सुटे भाग मात्र आणता येतात. त्यातूनच कुठेतरी जोडलेले, बिननंबरचे ड्रोन निम्म्या भावात फिरतायत. घेऊ नका. उद्या तो कुणाच्या अंगावर पडला तर विमा कंपनी पहिल्यांदा हा नंबर मागणार.

उडवायचं कुठे, ते थोडक्यात. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. आपण पिकाच्या वर दोन-अडीच मीटरवर फवारतो, तेव्हा त्याची चिंता नाही. पण ८ किलोमीटरच्या आत शेत असेल, जसं काकडीच्या शिर्डी विमानतळाभोवती बऱ्याच जणांचं आहे, तर आधी सरकारी नकाशा उघडून झोन बघा.

आता माझा खरा मुद्दा. पाच दिवसांत तुम्ही उडवायला शिकता. फवारायला नाही.

हे मी मनाने बोलत नाही, सरकारचाच हिशोब बघा. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटातल्या ताईला १५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्यातले ५ दिवस उडवण्याचे, १० दिवस खतं-औषधं फवारण्याचे. उडवण्याच्या दुप्पट! आणि खासगी केंद्रात फी भरून येणारे आपण पाचव्या दिवशी हार घालून फोटो काढतो आणि घरी येतो. प्रवेश घेतानाच विचारा, शेतीचा भाग शिकवता का? नाही म्हणाले तर तो दुसरीकडून शिका, पण शिका.

कारण सांगतो. पाठीवरच्या पंपाने कपाशीला एकरी १५०-२०० लिटर पाणी लागतं. ड्रोनला लागतं ८ ते १० लिटर. एकरी औषध तेवढंच, पाणी मात्र विसावा हिस्सा. म्हणजे टाकीतलं मिश्रण पंधरा-वीस पट कडक. २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. ड्रोनमुळे माणूस पिकातून बाहेर आला, हा मोठा फायदा. पण बादलीपाशी उभं राहून औषध कालवणारा माणूस आहेच, आणि त्याच्या हातावर आता कितीतरी कडक थेंब उडतो. हातमोजे, चष्मा, मास्क हे त्याला आधी द्या. औषधही ड्रोनसाठी मान्य असलेलंच वापरा. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने ४७७ कीडनाशकांना ड्रोनसाठी परवानगी दिली होती, पण ती ठरावीक मुदतीची. म्हणून जुनी यादी मोबाईलमध्ये ठेवून बसू नका, चालू यादी आणि डब्यावरचं लेबल बघा.

दुसरं, वारा.

(हातात कपाशीचं पान)

हे पान बघा. कपाशीचं आहे, पण आकार भेंडीच्या पानासारखा झालाय, कडा लांबट, शिरा जवळ आलेल्या. हा रोग नाही. शेजारच्या उसात टू-फोर-डी मारलं आणि वाऱ्याने ते इकडे आलं. कपाशी आणि द्राक्ष या तणनाशकाला फार नाजूक. ड्रोनचा थेंब बारीक, वर पंख्यांचा झोत, त्यामुळे वाऱ्यावर तो सहज बांध ओलांडतो. शेजारी तुती असेल तर काम आणखी अवघड. कीटकनाशक पडलेला पाला खाल्ला की रेशमाच्या अळ्या मरतात आणि आख्खी बॅच जाते. अशा शेजाऱ्याला आदल्या दिवशी निरोप द्या आणि त्याच्या बाजूचा पट्टा सोडून फवारा. वारा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ड्रोन दीदीच्या संचात ते दिलेलंच असतं. माझा नियम असा, की वारा ताशी दहा किलोमीटरच्या वर गेला की ड्रोन गाडीत. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

आणि एक साधी वही करा. तारीख, गट नंबर, औषध आणि त्याचा बॅच नंबर, सुरू केल्याची वेळ, वाऱ्याचा वेग आणि दिशा. प्रत्येक शेतानंतर, तिथेच बांधावर लिहा. शेजाऱ्याने तक्रार केली आणि पंचनाम्याची वेळ आली, तर त्या दिवशी वारा कुठून होता हे सांगणारं तुमच्याकडे तेवढंच असेल.