वाढत्या अंगाची सायकल

(दृश्य: अंधारी स्क्रीन. फक्त आवाज. मग हळूहळू सोसायटीचं पार्किंग दिसतं.)

हा आवाज ऐका आधी. खडखडखडखड. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत खाली उतरा, हा आवाज येणारच. लहान मुलांच्या सायकलला मागे दोन्ही बाजूंनी लावलेली प्लास्टिकची दोन छोटी चाकं पेव्हर ब्लॉकवरून चाललेली असतात आणि वर एक चार-पाच वर्षांचं पोर दात-ओठ खाऊन पायडल मारत असतं. कोणी ह्यांना साइड व्हील म्हणतं, कोणी सपोर्टर, आमच्या चौकातले सायकलवाले काका नुसतं "सपोर्ट" म्हणतात.

आमच्या घरातून हा आवाज चार महिने बंद होता. का बंद होता ते सांगायचंय, कारण पहिली सायकल घेताना आम्ही जे केलं तेच आजूबाजूला बहुतेक सगळे करताना दिसतात, आणि सगळे प्रेमानेच करतात.

आपल्याकडे पोरांचं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. युनिफॉर्मची पँट खाली दुमडून शिवलेली, दोन वर्षांनी टीप उसवली की झाली लांब. बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस घालायचा. फ्रॉक ढगळ. ह्यात चुकीचं काहीच नाही, पोरं भराभर वाढतात आणि पैसे काही झाडाला लागत नाहीत. ढगळ फ्रॉकने कोणाला इजा होत नाही. पण सायकल वाढत्या अंगाची घेतली की पाय जमिनीला पोचत नाहीत, आणि पाय पोचत नाहीत तिथे भीती सुरू होते.

(दृश्य: सायकलच्या दुकानात ओळीने टांगलेल्या छोट्या सायकली.)

लेकीला चार पूर्ण झाली होती. दुकानात पहिला प्रश्न आला, वय किती? आम्ही सांगितलं चार. "मग सोळा इंची घ्या ताई, चौदाची वर्षभरात लहान पडते, पैसे वाया." आम्हाला ते इतकं पटलं की दुसरी बघितलीच नाही. तिला उचलून सीटवर ठेवलं, गुलाबी सायकल, पुढे बास्केट, मागे कॅरियर, हँडलला झिरमिळ्या, पोरगी खूश, आम्ही खूश, फोटो काढला आणि घरी.

दुकानात ती मस्त बसली होती कारण सपोर्टची चाकं लावलेली होती आणि खाली सपाट फरशी होती. पाय लोंबत असले तरी सायकल उभीच राहते, त्यामुळे सायकल मोठी आहे हे कळतच नाही. साइज चुकलेली असली तरी ही चाकं ती झाकून टाकतात, आणि हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी गेटजवळच्या उतारावर सायकल आपोआप निघाली. तिने ब्रेक धरायचा प्रयत्न केला, बोटं लिव्हरपर्यंत पोचतच नव्हती, पाय खाली टेकवायला गेली तर खाली जमीन नाही. वॉचमनकाकांनी धावत येऊन हँडल धरलं म्हणून काही लागलं नाही, खरचटलंसुद्धा नाही. पण ती उतरली, सायकलकडे पाठ केली आणि म्हणाली, "आई, मला नको ही." नंतर चार महिने ती सायकल गॅलरीत उभी होती, हँडलवर टॉवेल वाळत घालायचो आम्ही.

(दृश्य: सामान मोजायच्या हुकच्या काट्याला लटकवलेली सायकल.)

एकदा प्रवासाच्या बॅगा मोजायचा काटा हातात होता म्हणून सहज ती सायकल उचलून मोजली. दहा किलो दोनशे ग्रॅम. लेकीचं वजन तेव्हा साडेपंधरा किलो. म्हणजे साठ किलोच्या माणसाला चाळीस किलोची सायकल दिल्यासारखं झालं, आणि आपण वर म्हणत होतो की अगं मार ना पायडल, जोर लाव.

मग चौकातल्या काकांकडे गेलो. काकांनी वय विचारलंच नाही. म्हणाले, भिंतीला पाठ लावून उभी करा, चपला काढून, दोन पायांच्या मध्ये एक वही उभी धरा, वर टेकेपर्यंत, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. बस एवढंच. आमचं माप आलं त्रेचाळीस सेंटिमीटर. त्या सोळाच्या सायकलची सीट पूर्ण खाली केली तरी पन्नासच्या वर होती! सात सेंटिमीटर वाढायला मुलीला दोन वर्षं तरी लागतील हो, आणि आम्ही तिला तिसऱ्या दिवशी उतारावर सोडली होती.

घरी येऊन सांगितलं की चौदाची घ्यायचीय, तर माझे सासरे म्हणाले, "चौदा इंची? एवढीशी? मी बावीस इंचीवर शिकलो." बरोबर आहे त्यांचं, पण तो आकडाच वेगळा. मोठ्या काळ्या सायकलला बावीस इंची म्हणतात ते फ्रेमचं माप, तिचं चाक अठ्ठावीसचं असतं. मुलांच्या सायकलवर बारा, चौदा, सोळा, वीस लिहिलेलं असतं ते चाकाचं माप, तेही टायरसकट बाहेरून, साधारण. आणि ते शिकले कसे, तर सायकल तासाने भाड्याने आणायची, सीटवर बसायचा प्रश्नच नाही, फ्रेमच्या मधून पाय घालून हाफ पायडल. गुडघ्यावरची खूण अजून दाखवतात. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं, रस्त्यावर सायकलच जास्त, आणि लहान मुलांच्या मापाची सायकल घरात असणं ही चैन. त्यांच्या पिढीला वाढत्या अंगाचीच सायकल मिळाली कारण दुसरी नव्हतीच. आता आहे तर का घेऊ नये, हे त्यांना पटलं, आणि दसऱ्याला नवीन सायकल त्यांनीच घेऊन दिली. झेंडूचा छोटा हार, हँडलला हळदकुंकू.

(दृश्य: क्लोजअप. मागचं चाक, पाना, पेन्सिल.)

आता हे नीट बघा. सपोर्टची पट्टी मागच्या चाकाच्या एक्सलवर बसते, बाहेरून नट. काकांनी नट सैल केला, पट्टी वर सरकवली आणि सायकल सरळ उभी धरून सपोर्टच्या चाकाखालून एक साधी पेन्सिल सरकवली. पेन्सिल आरपार गेली. "एवढी फट पाहिजे, दोन्ही बाजूंनी सारखी."

मला वाटायचं दोन्ही चाकं जमिनीला घट्ट टेकलेली असतील तर जास्त सेफ. उलटं आहे. दोन्ही टेकली की जरा खड्डा आला, ड्रेनेजचं झाकण आलं, की सायकलचं मागचं सगळं वजन त्या दोन छोट्या चाकांवर जातं आणि मागचं मोठं चाक अधांतरी लटकतं. मग पोर पायडल मारतंय, चाक गरागरा फिरतंय आणि सायकल जागच्या जागी. तुम्ही बघितलं असेल हे, आणि आपण वरून ओरडतो, मार की जोरात.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सायकल वळते ती झुकून. डावीकडे वळायचं तर सायकल डावीकडे कलली पाहिजे. सपोर्ट घट्ट टेकलेला असेल तर ती कलूच शकत नाही, मग मूल नुसतं हँडल फिरवून वळतं, तीनचाकीसारखं, आणि स्पीड असेल तर अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. म्हणजे जे शिकायचंय त्याच्या बरोबर उलटी सवय. फट असली की थोडं कलायला मिळतं, मग चाक टेकतं, सांभाळून घेतं.

मग सपोर्ट लावूच नये का? मला विचाराल तर ही चाकं पायडल मारायला शिकवतात, ब्रेक शिकवतात, बॅलन्स शिकवत नाहीत. बॅलन्स आधी शिकायचा असेल तर पायडलच काढून टाकायचे आणि पायाने ढकलत जायचं. हे काही नवीन फॅड नाही, जर्मनीतल्या मानहाइममध्ये 1817 साली कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने जी पहिली दोनचाकी चालवली तिला पायडल नव्हतेच, पाय जमिनीला मारत तो गेला. पायडल कित्येक वर्षांनी आले. घरी पायडल काढणार असाल तर एक लक्षात ठेवा, डावा पायडल उलट्या आट्यांचा असतो, त्यावर एल लिहिलेलं असतं, तो नेहमीसारखा उघडायला गेलात तर अजून घट्ट बसेल.

पण आमची लेक एकदा घाबरलेली होती. तिला चाकं हवी होती, "सपोर्ट पाहिजे" हे तिचे शब्द. म्हणून ठेवली. जे मूल एकदा घाबरलंय त्याचं ऐकावं.

बाकी पटकन सांगते. ब्रेकच्या लिव्हरजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो, छोट्या बोटांना पोचतो. दुकानात मुलाला स्वतः ब्रेक दाबायला लावा, चाक थांबतंय का बघा, तुम्ही दाबून बघून उपयोग नाही. चेन पूर्ण झाकलेली हवी. टायर शक्यतो हवेचे घ्या, भरीव टायर पंक्चर होत नाहीत पण दणके फार बसतात. ऑनलाइन मागवून घरी जोडली असेल तर पुढचा ब्रेक पुढच्या बाजूला दिसतोय ना बघा, मागे गेला असेल तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उलटा बसलाय. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळ उघडं नको.

(दृश्य: तेच पार्किंग, संध्याकाळ. कॅमेरा गॅलरीतून खाली.)

चौदाची सायकल येऊन सहा आठवडे झालेत. सीटवर बसली की चवडे टेकतात, म्हणून उतार आला की ती स्वतःच पाय खाली घेऊन थांबते, आम्हाला सांगावं लागत नाही. काल मी गॅलरीत कपडे काढत होते आणि खालून तो आवाज चालू होता, खडखडखड, मी काही लक्ष देत नव्हते. आणि एकदम आवाज थांबला.

पडली वाटून मी वाकून बघितलं. पडली नव्हती. चालवत होती. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या दारापर्यंत, सरळ, आणि दोन्ही सपोर्ट हवेत, जमिनीला एकही टेकलेला नाही, तीन सेकंद असतील, फार तर चार. तिला पत्ताच नव्हता. आजोबा खाली बाकावर बसलेले, त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मग वळण आलं, एक चाक टेकलं. खडखडखडखड.